दुसरं ग्राफिक्स कार्ड पुन्हा पुन्हा गायब होतंय? ड्रायव्हरआधी घड्याळ बघा

डेस्कटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं, आणि त्यातलं दुसरं कधी दिसतं, कधी दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कधी पिवळा त्रिकोण, कधी नावच गायब. रेंडर लावून जेवायला जावं आणि परत येऊन बघावं, तर सगळं काम एकाच कार्डावर रांगतंय, नाहीतर मशीनच रीस्टार्ट होऊन पासवर्ड मागत बसलंय. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडून ही तक्रार येते. ‘मना कंप्युटरमा दुसरं कार्ड दखात नही’ इथून सुरुवात होते आणि ‘ड्रायव्हर किती वेळा टाकला भो, फरकच नाही’ इथे ती संपते.

फरक पडणार कसा? दुसरं कार्ड गायब होण्यामागे सात-आठ वेगवेगळी कारणं असू शकतात आणि स्क्रीनवर सगळ्यांचं दर्शन सारखंच होतं. निराळं असतं ते एकच, कार्ड नेमकं केव्हा जातं. लाइट येऊन-जाऊन झाल्यावर, भर दुपारी, विंडोज अपडेट झाल्यावर, की सकाळी मशीन पहिल्यांदा लावल्यावर? एवढं कळलं तरी अर्धं निदान झालं. म्हणून काहीही पुसण्याआधी किंवा उघडण्याआधी कॅबिनेटवर एक कोरा कागद चिकटवा. कार्ड गेलं की तारीख, वेळ, काय चालू होतं, लाइट गेली होती का, कूलर चालू होता का, आणि त्याआधी मशीन शट डाउन केलं होतं की रीस्टार्ट, एवढं लिहा. आठवणीवर विसंबू नका. ‘कधीही जातं हो’ म्हणणाऱ्यांच्या कागदावर नोंदी बऱ्याचदा एकाच वेळेच्या निघतात.

आणखी एक गोष्ट त्याच कागदावर स्पष्ट लिहा. पूर्ण मशीन बंद पडून चालू झालं, की मशीन चालूच राहिलं आणि फक्त एक कार्ड गेलं? पूर्ण मशीन जात असेल तर आधी संशय घ्यायचा विजेवर, यूपीएसवर आणि एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर. फक्त कार्ड जात असेल तर त्याचा प्लग, स्लॉट, रायझर (कार्ड आणि स्लॉट जोडणारी केबल), तापमान आणि ड्रायव्हर. ही दोन दुखणी लोक एकाच पोत्यात भरतात आणि मग पूर्ण मशीन रीस्टार्ट होत असताना आठवडाभर ड्रायव्हर बदलत बसतात.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग उघडलात तर साक्षही मिळते. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं. कारण ती सांगत नाही, फक्त ‘गेलं’ एवढं सांगते, तेव्हा तिच्यावर फार डोकं खाजवू नका. डिस्प्ले ४१०१ म्हणजे ड्रायव्हरने ठरलेल्या मुदतीत, मूळ सेटिंगप्रमाणे २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने त्याला पुन्हा उभं केलं. डब्ल्यूएचईए-लॉगर १७ च्या नोंदी डझनांनी पडलेल्या दिसल्या तर कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीत चुका होतायत आणि जागच्या जागी दुरुस्त होतायत. एक दिवस दुरुस्त होणार नाहीत. एनव्हिडियाची कार्डं असतील तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एनव्हिडिया-एसएमआय चालवून बघा. ‘जीपीयू इज लॉस्ट’ असं उत्तर आलं, तर चालू मशीनमध्ये कार्डाचा बोर्डाशी संपर्क तुटलाय. लिनक्सवर हाच प्रकार लॉगमध्ये एक्सआयडी ७९ या नावाने सापडतो.

आता ‘दुसरं कार्ड’ म्हणजे कोणतं, हेही नक्की करा. टास्क मॅनेजरमधले जीपीयू ० आणि जीपीयू १ हे वरच्या-खालच्या स्लॉटच्या क्रमाने असतीलच असं नाही. दोन्ही कार्डं एकाच मॉडेलची असतील तर हमखास गोंधळ होतो आणि माणूस चांगलं कार्ड काढून घासत बसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन बघा, तिथे पीसीआय बस क्रमांक असतो. एकेक कार्ड लावून कोणत्या स्लॉटला कोणता क्रमांक येतो ते त्याच कागदावर लिहून ठेवा.

दुसरं कार्ड हवंय कशाला?

हा प्रश्न उद्धट वाटेल, पण यावर काही तक्रारी तिथल्या तिथे मिटतात. गेमसाठी दोन कार्डं लावली असतील तर एक काढा. एसएलआयचे, म्हणजे दोन कार्डं जोडून एकच गेम चालवण्याच्या सोयीचे, नवे ड्रायव्हर प्रोफाइल एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून बंद केले. त्यांच्या ३० मालिकेत ती जोडणी ३०९० वर्गापुरती उरली होती, ४० मालिकेत तीही गेली. आता गेम बनवणाऱ्यानेच दोन कार्डांची सोय केली असेल तर चालेल, आणि तशी सोय फारसं कुणी करत नाही.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांपैकी बरेच जण दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरतात. विंडोजवर ती प्रोसेसिंगला एकच कार्ड घेते. अनेक कार्डांसाठी स्टुडिओ आवृत्ती लागते. कार्ड नीट आहे, सॉफ्टवेअरच त्याला हात लावत नाही. ब्लेंडरमध्ये सायकल्स रेंडरला दोन्ही कार्डं छान चालतात, पण प्रेफरन्सेसमध्ये सिस्टमखाली दोघांसमोर टिक हवी, आणि ड्रायव्हर बदलल्यावर ती टिक आहे का ते पुन्हा बघायचं. मेमरीची बेरीज होत नाही हेही लक्षात असू द्या. एक १२ जीबीचं आणि एक ८ जीबीचं कार्ड लावलं म्हणजे २० जीबी झाले नाहीत. सीन ८ मध्ये मावला नाही तर छोटं कार्ड अडखळणार, आणि तुम्हाला वाटणार कार्ड बिघडलं.

शेअर बाजारवाल्यांचं वेगळंच. चार मॉनिटर हवेत म्हणून आरटीएक्स ३०६० च्या शेजारी एक जुनं जीटी ७१० खोचलेलं असतं. अहो, त्या ३०६० ला एकट्याला चार मॉनिटर लागतात! बहुतेक मॉडेलवर तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतो. योग्य केबल आणा आणि ७१० काढून टाका. पुढच्या भागातला अर्धा त्रास तिथेच वाचला.

अपडेट झालं आणि गेलं

दर महिन्या-दोन महिन्यांनी, कुणी हातही न लावता दुसरं कार्ड ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर’ होऊन बसतं, किंवा कोड ४३ दाखवतं. ड्रायव्हर टाकला की बरं होतं, काही आठवड्यांनी परत तेच. कागदावरची तारीख विंडोज अपडेटच्या हिस्टरीशी जुळवून बघा. जुळली तर दुखणं सापडलं.

एनव्हिडियाची दोन कार्डं असतील तर दोघांना एकाच ड्रायव्हरवर राहावं लागतं, आणि कार्डांच्या वयात फार अंतर असेल तर तिथेच भांडण. जीटी ७१० हे केपलर पिढीचं. केपलरला चालणारी शेवटची ड्रायव्हर मालिका ४७०. त्यापुढच्या मालिकांमध्ये ती पिढीच नाही. विंडोजने तुमच्या नव्या कार्डासाठी नवा ड्रायव्हर आणला की जुनं कार्ड अनाथ होतं. मग तुम्ही जुन्यासाठी जुना ड्रायव्हर टाकता, पुढच्या अपडेटला विंडोज पुन्हा नवा आणतं, आणि हे चक्र चालूच. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे जीटीएक्स ९७०, १०५० टीआय, १०६० यांचीही तीच गत झाली आहे. त्यांची शेवटची मालिका ५८०.

उपाय म्हणजे दोघांना चालेल अशी मालिका शोधून तिथेच थांबणं. ३०६० आणि ७१० या जोडीला ४७० मालिका चालते. १०६० आणि कोणतंही नवं आरटीएक्स असेल तर ५८०. डीडीयू हे सफाईचं सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर सेफ मोडमध्ये, इंटरनेटची वायर काढून. वायर तशीच ठेवलीत तर सफाई संपून मशीन चालू होईस्तोवर विंडोजने पुन्हा आपल्या मनाचा ड्रायव्हर ओढलेला असतो. नंतर विंडोजला रोखायचं. प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीत, विंडोज अपडेटबरोबर ड्रायव्हर घेऊ नये ही पॉलिसी चालू करा. होममध्ये ग्रुप पॉलिसी नसते, तिथे सिस्टम प्रॉपर्टीजच्या हार्डवेअर टॅबमध्ये डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज ‘नो’ करा.

माझं स्पष्ट मत सांगतो: डीडीयूचा जप फार झालाय. नोंदी अपडेटशी जुळत नसतील तर डीडीयू चालवून काही मिळत नाही, फक्त एक संध्याकाळ जाते.

लाइट गेल्यावर, लाइट आल्यावर

आधी साधी बेरीज. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट, दोन म्हणजे ३४०. बाराव्या पिढीचा आय५-१२४०० पूर्ण जोरात ११७ पर्यंत जातो. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून आणखी ५०-६०. झाले ५०० च्या वर. आणि टेबलाखाली काय असतं? ६०० व्हीएचा यूपीएस, ज्याची खरी ताकद ३६० वॅट. ऑफिसच्या कामात तो साथ देतो, रेंडर चालू असताना लाइट गेली की एक किंकाळी मारून बसतो. यात कार्डाचा किंवा विंडोजचा काय दोष? एवढ्या मशीनला १५०० व्हीए वर्गाचा यूपीएस हवा, आणि शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा. अॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेले काही चांगले एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर नखरे करतात. मशीन यूपीएसवर गेल्या क्षणीच बंद पडतं.

घरच्या इन्व्हर्टरवर मशीन असेल तर त्याच्या मागचं बटण बघा. बहुतेक इन्व्हर्टरना नॉर्मल आणि यूपीएस असे दोन मोड असतात. नॉर्मलमध्ये तो बॅटरीवर यायला साधारण ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतो. पंख्याला, बल्बला ते कळतही नाही. चांगला एसएमपीएस मात्र पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. बटण यूपीएसवर केलं की झालं. कित्येक घरांत ते इन्व्हर्टर बसवल्या दिवसापासून नॉर्मलवरच असतं, कारण बसवणाऱ्याला कंप्युटरचं कुणी सांगितलंच नाही.

तालुक्याच्या गावांत आणखी एक खेळ असतो. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, बंद झाल्या की चढतं. कृषिपंपांची वीज कधी दिवसा, कधी रात्री अशा पाळीने येते. त्यामुळे मशीन एक आठवडा रात्री रडतं, एक आठवडा दिवसा, आणि मालक म्हणतो याला काही नियमच नाही. नियम असतो, तो फीडरच्या वेळापत्रकात असतो. व्होल्टेज कमी झालं की एसएमपीएस तेवढ्याच वॅटसाठी जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो. स्टॅबिलायझर लावायचा तर मशीनच्या वॅटला पुरेल असा लावा. टीव्हीचा उचलून इथे लावू नका.

अर्थिंगचं तर काय सांगावं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की लोक चपला घालून कंप्युटरवर बसतात आणि प्रश्न सुटला समजतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधून गळणारा किरकोळ करंट अर्थच्या वायरने जमिनीत जायला हवा. तिथे वाट नसेल तर तो कॅबिनेटवर उभा राहतो, आणि चालू मशीनला एचडीएमआयची केबल खोचताना कार्डाच्या पोर्टमधून वाट काढतो. अशाने पोर्ट जळतात. उन्हाळ्यात हे वाढतं, कारण काळी माती सुकून भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्याची जमिनीशी पकड सुटते. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्ट मोजा. दोन-तीनपर्यंत ठीक. त्याहून फार जास्त असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि खड्डा असेल तर त्यात मे महिन्यात पाणी टाकत जा. मॉनिटरच्या केबली मशीन बंद करून, प्लग काढूनच लावायच्या.

लाइट आल्यावर मशीन चालू झालं पण कार्ड दिसत नाही, असं असेल तर मागचा प्लग काढा, पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, मग प्लग लावून चालू करा. यावर कार्ड परत येत असेल तर ते मेलेलं नाही, अर्धवट अवस्थेत अडकलं होतं.

दुपारी जातं, रात्री चालतं

खान्देशातल्या निम्म्या केसेस या मथळ्याखाली येतात, म्हणून इथे जरा बसून बोलू.

हवेवर थंड होणाऱ्या कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर स्वार असतं. तेच काम, तेच पंखे असतील तर दोघांमधला फरक जवळपास तेवढाच राहतो. डिसेंबरात खोली २८ अंश आणि कार्ड ७२, म्हणजे फरक ४४. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे, पत्र्याखालच्या स्टुडिओत ४१. कार्ड गेलं ८५ वर. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ च्या आसपास वेग कमी करायला लागतात. ही झाली एका कार्डाची गोष्ट. दोन असली की खालच्या कार्डाची गरम हवा वर येते आणि वरचं कार्ड तीच ओढतं. त्यामुळे गरम बहुतेक वेळा वरचं असतं, तुमचा संशय मात्र खालच्यावर. दोघांमध्ये एक स्लॉट तरी मोकळा नसेल, आणि आजची अडीच-तीन स्लॉट जाडीची कार्डं पाहता तो नसतोच, तर वरच्या कार्डाच्या पंख्यांना तोंड उघडायला जागा राहत नाही. स्क्रीन काळी, पंखे एकदम पूर्ण वेगात घोंघावतायत आणि मशीनचा दिवा चालूच, असं झालं तर ते बहुधा तापूनच गेलंय.

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि व्होल्ट दाखवणारं सॉफ्टवेअर लावा, लॉगिंग चालू करा, दुपारी रेंडर सोडा. कार्ड गेल्यावर लॉगची शेवटची ओळ बघा. तापमान आणि १२ व्होल्टची ओळ, दोन्ही. १२ व्होल्टची रेषा ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी. तापमान ठीक आणि व्होल्ट ११.४ च्या खाली घसरलेले दिसले तर गरम होऊन दमलाय तो एसएमपीएस. पाकिटावर ७५० लिहिलेलं असलं तरी स्वस्त एसएमपीएसचे ते वॅट २५-३० अंशांवर मोजलेले असू शकतात. ४१ अंशांच्या खोलीत ते तेवढे भरत नाहीत.

स्वस्तातला उपाय सांगतो, जो लोकांना पटत नाही पण चालतो. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग्ज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही कार्डांची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. वेग त्या मानाने थोडाच कमी होतो, कार्डांची उष्णता आणि एसएमपीएसवरचा त्यांचा भार मात्र एक पंचमांशाने उतरतो. ३४० वॅटचे २७२ झाले. उन्हाळ्यापुरतं एवढं केलं तरी पुष्कळ मशीन शहाण्यासारखी वागतात. मग बाजूचा पत्रा उघडून टेबल फॅन लावायचा हा जुना उपाय लागत नाही. तो धूळही आणतोच.

आणि कूलर. एसी सगळ्यांना परवडत नाही, कूलर घरोघरी. ‘मशीनला थंड हवा लागू दे’ म्हणून कूलरचं तोंड कॅबिनेटकडे करणारे खूप. कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळून, आणि पाणी असतं बोअरचं, क्षारांनी भरलेलं. गवताची जाळी जास्त भिजली की बारीक तुषार हवेबरोबर उडतात. अशा मशीनचं कार्ड बाहेर काढून खिडकीच्या उजेडात तिरकं धरा. खालच्या कडेला ज्या सोनेरी पट्ट्या स्लॉटमध्ये बसतात, त्यांवर पांढुरका, खरखरीत पापुद्रा दिसेल, बादलीच्या काठावर साचतो ना, तसाच. त्यावर धूळ बसते. जिनिंगच्या जवळपास दुकान असेल तर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कापसाचे तंतूही, हीटसिंकच्या पात्यांमध्ये गादीसारखे दाबून बसलेले. स्लॉटमध्ये एखाददुसऱ्या पट्टीचा संपर्क ढिला झाला की कार्ड कधी १६ लेनवर (डेटाच्या वाटांवर), कधी ८ वर, कधी गायब. डब्ल्यूएचईए १७ च्या नोंदी इथूनच येतात.

पट्ट्या साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, आणि लिंट नसलेलं कापड. खोडरबरने घासायची पद्धत सगळ्या बाजारात आहे. अडल्यावर मऊ पांढरा रबर हलक्या हाताने चालेल, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका आणि रोजची सवय करू नका, मुलामा जातो. हीटसिंक ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी गरगर फिरू देऊ नका. कूलर ठेवायचाच तर माणसाच्या अंगावर ठेवा, मशीन त्याच्या झोताच्या बाहेर, आणि समोरची खिडकी उघडी. खिडकी बंद करून कूलर लावला तर थंडावा थांबतो, दमटपणा वाढतो.

भार आला की जातं

तापमान ठीक, लाइट ठीक, पण रेंडर सुरू झाल्या मिनिटात कार्ड जातं. इथे केबल बघा. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या प्लगमधून आणखी ७५, ८ पिनमधून १५०. एकाच केबलला दोन तोंडं असतात, ती दोन कार्डांना वाटून लावलेली मला सारखी दिसतात. प्रत्येक कार्डाला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल हवी. साटा प्लगमधून कन्व्हर्टर काढून कार्ड चालवणं तर सरळ बंद करा. साटा प्लगची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅटची आहे, त्यापुढे प्लास्टिक वितळतं. आणि मॉड्युलर एसएमपीएस बदलला तर केबली त्याच्याच वापरा. तोंड सारखं असलं तरी आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते; जुन्या केबलने नवीन कार्ड जाळता येतं.

बाकीचं थोडक्यात

शट डाउन करून सकाळी चालू केलं की कार्ड नाही, पण रीस्टार्ट केलं की येतं? विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात शट डाउन पूर्ण होत नाही, कर्नलची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते. रीस्टार्ट मात्र सगळं नव्याने उभं करतं. पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसखालचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंटही बंद करा.

पहिल्या दिवसापासून दिसलंच नाही? बोर्डाचं मॅन्युअल उघडा. कमी किमतीच्या बऱ्याच बोर्डांवर दुसऱ्या लांब स्लॉटला प्रत्यक्षात चारच लेन असतात, त्याही चिपसेटमधून, आणि काहींत त्या दुसऱ्या एम.२ स्लॉटशी वाटून घेतलेल्या. एम.२ मध्ये एसएसडी बसवली की स्लॉट मुका. ‘एसएसडी टाकल्यापासून कार्ड गेलं’ याचा अर्थ हाच. कोड १२ (कार्डाला पुरेशी संसाधनं नाहीत) येत असेल तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, अबव्ह ४जी डिकोडिंग चालू आणि सीएसएम (जुन्या पद्धतीच्या बूटची सोय) बंद. पण आधी विंडोज यूईएफआय पद्धतीने बसवलंय याची खात्री करा, नाहीतर सीएसएम बंद केल्यावर मशीन बूटच होणार नाही.

जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बसचा वेग १.१ दिसला म्हणून घाबरून फोन करणारेही आहेत. कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला तो खाली येतो. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून रेंडर टेस्ट चालवा, मग आकडा वाचा. रायझर केबल असेल तर बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग ऑटोवरून जेन ३ करून बघा. जुन्या रायझरना जेन ४ झेपत नाही.

काहीच जुळत नसेल तर अदलाबदल

नोंदींना खरंच नियम नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. संशयित कार्ड एकटंच पहिल्या स्लॉटमध्ये, एक पूर्ण दुपार चालवा. नीट चाललं तर चांगलं कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटं, तेवढाच वेळ. दोष कार्डाबरोबर फिरला तर कार्ड, स्लॉटपाशी राहिला तर बोर्ड, केबल बदलल्यावर गेला तर केबल. दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटं चांगलं कार्डही जात असेल तर बोर्ड बदलण्याआधी कार्डाचा झोल बघा. जड कार्ड एका बाजूने लोंबलं की स्लॉटमधून मागचं टोक उचलतं. मोटरसायकलवर मांडीवर धरून हायवेने आणलेल्या कॅबिनेटमध्ये हे हमखास होतं. खालून आधार द्या. मशीन हलवायचं असेल तर कार्डं काढून, खोक्यात घालूनच.

दोष कार्डातच निघाला आणि कार्ड सेकंडहँड असेल, त्यातही आरएक्स ५८० वगैरे, तर ते मायनिंगमधून आलेलं असू शकतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि अशी कार्डं ढिगाने बाजारात उतरली. कित्येकांचा बायोस, म्हणजे कार्डावरचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर, मायनिंगसाठी बदललेला असतो. एएमडीचा ड्रायव्हर अशा बायोसची सही तपासून कार्ड चालवायला नकार देतो, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण कायमचा. काही मॉडेलवर कडेला छोटा स्विच असतो, त्यावर दुसरा बायोस राखीव असतो. मशीन बंद करून तो सरकवून बघा. स्विच नसेल तर विकणाऱ्याकडे परत न्या. त्याने मूळ बायोस टाकून, दोन्ही कार्डं एकत्र लावून, तुमच्यासमोर तासभर भारावर चालवून दाखवलं तर ठेवा, नाहीतर पैसे मागून घ्या.